कोयता निघायच्या आधी : अंबाजोगाई ते बीड, पायी

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात पारावर एकच विषय असतो : ऊसतोडीची गाडी कधी लागणार. मुकादमाचा, म्हणजे तोडीची माणसं जमवणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रक नाहीतर ट्रॅक्टर गावात आला की भांडी, पीठ, वाकळा, शेळी, कोंबड्या, लेकरं, असा सगळा संसार त्यावर चढतो आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगावकडे निघतो. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसं अशी जातात. दुष्काळाची बातमी होते. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा देशभरचे कॅमेरे मराठवाड्यात आले होते. पण दरवर्षी मुकाट्यानं रिकामं होणारं गाव बघायला कोणी येत नाही. निदान आपल्याच जिल्ह्यातल्या शहरांनी तरी ते बघावं, म्हणून आम्ही काही विद्यार्थी अंबाजोगाईहून बीडपर्यंत चालत गेलो.

मी अंबाजोगाईला पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे मामा-मामी अजून तोडीला जातात. मामीची पिशवी, म्हणजे गर्भाशय, तिशीच्या आत काढली. आमच्या वर्गात अशा घरांतली कितीतरी मुलं-मुली आहेत, पण कॉलेजात कोणी ते मोठ्यानं सांगत नाही. २०१९ मध्ये पिशवीच्या ऑपरेशनांचा विषय गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. मी तेव्हा शाळेत होते. या आकड्यात आपली मामी धरलीय की नाही, हे घरात कोणालाच सांगता येईना.

चालायचं ठरलं तेव्हा पहिल्या बैठकीला आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आले होते. १९७९ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, या नामांतराच्या मागणीसाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्यात वाटेवर सामील झालेल्या तरुणांपैकी ते एक. विद्यापीठाचं नाव बदलायला त्यानंतर १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली, त्यामुळे चालून लगेच काही हाती लागत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "गावात जाऊन काय करणार?" एक मुलगा म्हणाला, "जनजागृती. लोकांना प्रश्न समजावून सांगणार." गुरुजी म्हणाले, "जिच्या डोक्यावर मोळी आहे तिला मोळीचं वजन काय सांगता बाळांनो? गावात ऐका. बोलायचं ते बाजारपेठेत बोला."

त्या एका वाक्यावर सगळी पदयात्रा बेतली. गावात भाषण नाही, पथनाट्य नाही. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर नाहीतर मारुतीच्या देवळात बसायचं, लोक सांगतील ते चिठ्ठीवर उतरवायचं, ज्याचं त्याला वाचून दाखवायचं आणि 'हे पुढं वाचलं तर चालेल का' असं विचारायचं. नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि धारूर, तेलगाव, वडवणी, बीड अशा ठिकाणी, जिथे दवाखाने, बँका, दुकानं आणि कचेऱ्या आहेत, तिथे उभं राहून त्या चिठ्ठ्या जशाच्या तशा वाचायच्या.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ मुलींच्या घरच्या परवानग्यांनी खाल्ला. पालकांची संमतीपत्रं लागणार होतीच, पण कागदावर सही आणि मनातून होकार यात बरंच अंतर असतं. "रात्री कुठं झोपणार", "संडासाची सोय काय", "सोबत बाईमाणूस कोण" हे तीन प्रश्न प्रत्येक घरात आले, आणि ते रास्तच होते. एक मॅडम पूर्णवेळ चालायला तयार झाल्या तेव्हा कुठं निम्मं काम झालं. माझ्या आत्यानं मात्र निराळंच सांगितलं : "तिकडं उसाच्या फडावर पोरी उघड्यावर राहत्यात तवा कोन इचारतं? जा तू." पोलीस ठाण्यांना पत्रं दिली, मुक्कामाच्या गावच्या सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना फोन केले. अंथरूण, पाण्याचे जार आणि औषधाची पेटी यांसाठी एका मित्राच्या चुलत्यांनी आपला छोटा टेम्पो दिला.

रस्ता आडसवरून धारूर, मग घाट उतरून तेलगाव, वडवणी, घाटसावळी आणि बीड. शंभरेक किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची, उन्हं कलली की पुन्हा चालायचं. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे उन्हाळ्याला लाजवतं. गाड्या समोरून येताना दिसाव्यात म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं एकामागे एक, पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगात चमकणारं जाकीट, असा नियम होता. नवे बूट घालून आलेल्यांचे पाय आडस यायच्या आधीच फोडांनी भरले. वारीला जाणाऱ्या एका मुलीच्या आजीनं शिकवलेला उपाय कामी आला : सुई गरम करून फोडातून दोरा ओवायचा आणि तो दोरा आतच ठेवायचा, पाणी हळूहळू झिरपून जातं, कातडी फाटत नाही. सोबत असलेल्या मेडिकलच्या मुलानं आधी नाक मुरडलं, मग सुई नीट निर्जंतुक करून द्यायचं काम स्वतःकडेच घेतलं. पुढं रोज संध्याकाळी त्याच्यासमोर रांग लागायची.

पायांबद्दल एवढंच पुरे. ज्यांच्यासाठी चाललो त्यांच्या कष्टापुढे ते सांगण्यासारखं नाही.

धारूरच्या अलीकडे एका तांड्यावर आमचा मुक्काम होता. अंधार पडायच्या वेळेला बायका आल्या, पण हातातलं काम घेऊन. कोणी वाकळेला टाके घालत होतं, कोणी शेंगा फोडत होतं. निघायची तयारी चालली होती, तिला थांबायला फुरसत नव्हती. एक बाई, वय असेल तिशी-बत्तिशीचं, माझ्या शेजारी बसून पिठाच्या गोणीला नवीन तोंड शिवत होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर बारीक बारीक पांढऱ्या रेघा होत्या, उसाच्या पाचटानं कापून कापून झालेल्या. सुई ओढताना मधेच थांबून ती कंबरेला हात लावायची.

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, फडावर जायचं, नवऱ्यानं तोडायचं, हिनं पाचट साळायचं, मोळ्या बांधायच्या, आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. रात्री गाडी आली तर रात्री भरणी. पाळी आली म्हणून बसायची सोय नाही, कारण एक दिवस कामावर आलं नाही की खाडा लागतो आणि तो उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेल्या पैशात, धरतात. धुवायला पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून पांढरं जायला लागलं, पोटात दुखायला लागलं. पट्टा पडल्यावर गावाकडे आल्यावर एका खासगी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. ऑपरेशनला पैसे नव्हते. पुढच्या हंगामाची उचल आधीच घेतली, त्यातून ऑपरेशन केलं, आणि टाके वाळतायत न वाळतायत तोवर ती फेडायला परत फडावर.

"आन् दुखनं गेलं का?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"पोटातलं गेलं. कंबरेत आलं, हाडात आलं. रातीला अंगातून जाळ निघतो." मग सुई गोणीत खोचून म्हणाली, "माझं नाव नका घेऊ माय. पर एवढं इचारा तितं, सोनोग्राफीचा कागद आमच्या हातात का देत न्हाईत? पिशवीत काय झाल्तं ते मला आजूक म्हाईत न्हाई."

ती चिठ्ठी माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी धारूरच्या बसस्टँडजवळ मी ती वाचली. आवाज बराच वेळ फुटेना. बाजाराचा दिवस नसूनही माणसं जमली, आणि सगळ्यात पुढे बायका येऊन उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर त्यातली एक पिशवीतून फाईल काढून मेडिकलच्या मुलाकडे गेली. "हे बघ रं बाबा, काय लिव्हलंय ह्यात?" त्याच्याभोवती तासभर घोळका होता. उपचार त्यानं सांगितले नाहीत, ते त्याचं कामही नव्हतं. पण कोणता कागद कशाचा आहे, सरकारी रुग्णालयात कुठल्या विभागात दाखवायचं आणि ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा हक्क आहे, एवढं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. २०१९ च्या गदारोळानंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. ही गोष्ट तिथे जमलेल्यांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेली होती. मला वाटतं, नियम कचेरीतून गावापर्यंत पोचवायला कोणीतरी चालतच जावं लागतं.

धारूरलाच कॉमर्सच्या एका मुलानं फळा मागवून घेतला. तो स्वतः तोडकऱ्याचा मुलगा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाले. वाढ मोठी आहे असं पेपरात आलं होतं. त्यानं फळ्यावर मांडलं : समजा एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, एक लाख रुपये उचल घेतली. ३६६ नं भागलं तर पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडावा लागतो. एक जोडी दिवसाला दोनेक टन तोडते. म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. तेवढ्यात हंगाम संपत आलेला असतो. आजारपण, पाऊस, गाडी बंद पडणं, कारखान्याचं गाळप थांबणं, यातलं काही झालं की तेवढे पैसे अंगावर फिरतात आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. फळ्यासमोर एक किराणा दुकानदार उभे होते. ते म्हणाले, "आमच्या दुकानातली उधारी दिवाळीत फिटते ती ह्याच उचलीतून." दसऱ्यानंतर या बाजारपेठांत जो पैसा खेळतो तो कुठून येतो हे सगळ्यांना माहीत असतं. फळ्यावर तो असा उघडा मांडलेला कोणी बघितलेला नव्हता.

धारूरचा घाट अरुंद आहे, वळणं आंधळी. तिथे आम्ही शिट्ट्या वाजवत, अगदी कडेला चिकटून उतरलो. दोन्ही बाजूंना सीताफळाची झाडं लगडलेली. बालाघाटातल्या या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी पाटी घेऊन रस्त्याला बसलेल्या पोरांना मिळतात ते सुटे पैसेच. उतरताना एक भरलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला, वर संसार आणि त्यावर बसलेली माणसं. आमच्या फलकांकडे बघून वरून कोणीतरी हात हलवला. आम्ही पोचायच्या आत लोक निघायला लागले होते.

तेलगावला साखर कारखाना आहे. एका मुलीनं विचारलं की इथे कारखाना असताना एवढ्या लांब का जायचं. चहाच्या टपरीवरच्या एका आप्पांनी उत्तर दिलं ते नीट ऐकण्यासारखं होतं : पाऊस कमी झाला की इकडं ऊसच थोडा असतो, हंगाम लवकर आटपतो, तिकडं कृष्णाकाठाला पाणी आहे, ऊस आहे, हंगाम लांबतो, म्हणून उचल मोठी मिळते. कोरडवाहू तीन एकरावर घर चालत नाही, लग्न आणि दवाखाना उधारीवर चालतो. ते स्वतः वीस-बावीस हंगाम गेलेले.

वडवणीच्या आधी एका जिल्हा परिषद शाळेत थांबलो. तिथल्या गुरुजींनी हजेरीपट दाखवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर किती नावांपुढे रेघ येणार याचा त्यांनी पेन्सिलीनं अंदाज करून ठेवलेला. आईबाप तोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतात, म्हणजे मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याची जेवणाची सोय शाळेत होते. योजना चांगली आहे. अडचण वेळेची. गाड्या दिवाळीच्या आगेमागे लागतात आणि मंजुरी उशिरा येते. तोवर आईनं लेकराला गाडीत घातलेलं असतं. सहावीतल्या एका मुलीनं अगदी हिशेबानं सांगितलं, "तिकडच्या शाळेत पटावर नाव नसतं. हिकडं आल्यावर परीक्षा झालेली असती. मग सर वरच्या वर्गात घालतेत, पर मला भागाकार येत न्हाई." स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. तिला ते मिळालेलं नव्हतं. त्या वर्गातल्या दोघीतिघींनाच कार्ड म्हणजे काय ते माहीत होतं. मुली मोठ्या झाल्या की प्रश्न आणखी बिकट होतो. एकटी मागं ठेवायची भीती, सोबत फडावर न्यायचीही भीती, आणि लग्न लावलं की एक नवा कोयता तयार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. हा आकडा मी त्या सहावीच्या वर्गासमोर उच्चारला नाही. वडवणीच्या चौकात उच्चारला.

वडवणीत एक मुकादम आमच्याशी भांडायला आले. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर पुढे येऊन म्हणाले, "तुमी समद्या चिठ्ठ्या आमच्याच उरावर वाचायलेत. दोन मुकादमांची उचल घिऊन पळालेल्या टोळीचं कोन वाचनार? मी जमीन गहान ठिवलीय." आम्ही त्यांना बसवलं, चहा मागवला आणि त्यांचीही चिठ्ठी लिहिली. ती पुढे बीडला वाचलीसुद्धा. मला त्यांचं सगळं पटलं नाही. ज्यांच्या दारात मुकादम वसुलीला आलाय ती घरं मी पाहिलेली आहेत. पण एक खरं आहे. करार मुकादमाचा आणि कारखान्याचा, तोडकऱ्याचं नाव कारखान्याच्या हजेरीत कुठेच नाही. त्यामुळे अपघात झाला, बाळंतपण आलं, साप चावला तर जबाबदार कोण, याचं उत्तर तोडकरी मुकादमाकडे मागतो, मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो आणि कारखाना कागद दाखवतो. या साखळीत सगळ्यात वरच्या टोकाला जो आहे तो कोणत्याच चौकात भेटत नाही.

घाटसावळीपासून पुढे गावोगावची मुलं आमच्याबरोबर थोडं थोडं चालायला लागली. बीडला शिरलो तेव्हा रांग बरीच लांब झाली होती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ चिठ्ठ्या वाचल्या. सोनोग्राफीच्या कागदाची चिठ्ठी वाचली तेव्हा गर्दीतून एक डॉक्टर बाई पुढे आल्या. म्हणाल्या, प्रत्येक तपासणीचा अहवाल रुग्णाला मिळालाच पाहिजे, तो तिचा हक्क आहे, हे माझ्या नावानिशी जाहीर सांगा. तिथे उभ्या असलेल्या कित्येकींनी ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं.

जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन दिलं. मागण्या मोजक्या ठेवल्या होत्या : गाडी लागायच्या आधी गावातच बायकांची आरोग्य तपासणी व्हावी, परत आल्यावर पुन्हा व्हावी आणि दोन्ही वेळचा कागद बाईच्या हातात मिळावा; हंगामी वसतिगृहं दिवाळीच्या आधी सुरू व्हावीत; शिक्षण हमी कार्ड शाळेनं स्वतःहून द्यावं; गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं जे महामंडळ आहे त्याची नोंदणी आणि ओळखपत्रं तांड्यावर शिबिर घेऊन करावीत; फडावर पाणी आणि आडोसा ही कारखान्याची जबाबदारी धरावी. निवेदन घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्यांच्या प्रतीही मागून घेतल्या. वसतिगृहांच्या याद्या तालुक्यांकडून मागवतो म्हणाले.

त्यानंतर काय झालं? ज्या तांड्यावर आम्ही राहिलो तिथे गाडी निघायच्या आधी आरोग्य पथक येऊन गेलं. बऱ्याच जणींच्या अंगात रक्त कमी निघालं, गोळ्या मिळाल्या, कागद मिळाले. गोणी शिवणाऱ्या त्या बाईची तपासणी झाली नाही. तिची टोळी आदल्या रात्रीच गेली होती. सहावीतल्या मुलीला कार्ड मिळालं, गुरुजींनी ते तिच्या दप्तराला पिन लावून दिलं. वसतिगृह याही वर्षी उशिरानंच सुरू झालं, पण निदान त्या शाळेत मुख्याध्यापकांनी मधले दिवस गावातून धान्य गोळा करून मुलांना जेवू घातलं. कारखान्यांकडून काहीच आलं नाही.

आता पुढची चाल दुसऱ्या टोकाकडून व्हायला हवी. आमच्या गावांतली माणसं नोव्हेंबर ते मार्च ज्यांच्या शिवारात राहतात, त्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही पत्रं लिहिली आहेत. तुमच्या कॉलेजपासून जवळच्या फडापर्यंत चालत जा, एक संध्याकाळ कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपटापाशी, बसा, पाणी कुठून आणतात, बायका कुठं जातात, लेकरं शाळेत जातात का, एवढं विचारून या आणि तुमच्या चौकात वाचा. दोन कॉलेजांनी होकार कळवलाय. त्यांच्यासाठी आम्ही आमच्या चिठ्ठ्यांचा नमुना आणि कोणत्या गावची टोळी साधारण कुठल्या भागात जाते याची यादी करतोय. पाटोदा आणि शिरूर कासारची गावं अजून यादीत यायची आहेत. तिकडच्या कोणाला आपल्या टोळीचा ठिकाणा सांगता येत असेल तर कळवावा.